गेटवरचा कॅमेरा आणि रात्रीची नंबर प्लेट

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या गेटमधून एक स्कूटर चोरीला गेली. रेकॉर्डिंग होतं. स्कूटर बाहेर जाताना दिसत होती, मागून चोराच्या साथीदाराची मोटरसायकलही दिसत होती, पण तिच्या नंबर प्लेटच्या जागी नुसता पांढरा फराटा. सगळे म्हणाले, कॅमेराच बदला. मी आधी त्याचं सेटिंगचं पान उघडलं. बिटरेट, म्हणजे चित्रासाठी दर सेकंदाला खर्च होणारे बिट (शून्य किंवा एक असे आकडे), होता फक्त १ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १० लाख बिट.

हे किती कमी आहे ते हिशेब मांडल्यावर कळतं. १९२० बाय १०८० च्या चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. एका ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली, तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. आमचा कॅमेरा साडेबाराशे बिटांमागे जेमतेम एक पाठवत होता!

तरीही दिवसा चित्र छान दिसायचं, आणि हे मला फार विलक्षण वाटतं. व्हिडिओ दाबून लहान करणारी, २००३ साली आलेली एच.२६४ ही पद्धत एकदा पूर्ण चित्र पाठवते (त्याला आय-फ्रेम म्हणतात) आणि पुढच्या चित्रांत मुख्यतः काय बदललं तेवढंच सांगते. भिंत, गेट, कुंड्या जागच्या जागी. त्यांच्यासाठी बिट जवळजवळ खर्चच होत नाहीत.

रात्री मात्र हे गणित कोलमडतं. उजेड कमी, म्हणून सेन्सरचा सिग्नल वाढवावा लागतो आणि त्याबरोबर चित्रातले दाणेही (रवाळपणा) वाढतात. हे दाणे प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे प्रत्येक चित्रात, वेगळे असतात. कॅमेऱ्याच्या लेखी तोही बदलच. त्यात पावसाच्या धारा. सगळे बिट दाण्यांवर आणि थेंबांवर संपतात, मग बारकावे पुसले जातात. नंबर प्लेटवरची अक्षरं म्हणजे बारकावेच.

बिटरेट कमी ठेवणाऱ्या माणसाचं चुकलं असंही म्हणवत नाही. ४ एमबीपीएसने एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो. आमचे चार कॅमेरे आणि १ टीबीची हार्डडिस्क. सहा दिवसही पुरली नसती. १ एमबीपीएसवर तेवीस दिवस पुरत होती. आम्ही फक्त गेटच्या कॅमेऱ्याला ४ दिले, बाकीचे तीन तसेच ठेवले. आता तेरा दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं. शिवाय गेटवर सेकंदाला २५ ऐवजी १२ फ्रेम केल्या, म्हणजे तेवढ्याच बिटांत प्रत्येक चित्राच्या वाट्याला दुप्पट येतात. तुमचा रेकॉर्डर २०१३ ची एच.२६५ ही पुढची पद्धत घेत असेल तर तीच वापरा. तशाच चित्राला साधारण निम्मे बिट पुरतात.

पण बिटरेट वाढवूनही प्लेट वाचता येईना. मग शटर, म्हणजे एका चित्रासाठी सेन्सर किती वेळ उजेड घेतो ते, पाहिलं: एक पंचविसांश सेकंद. ताशी १८ किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात २० सेंटिमीटर सरकते. अक्षरं फराटा होणारच. शटर एक अडीचशांश सेकंद केलं, सरकणं २ सेंटिमीटरवर आलं, चित्र काळवंडलं, म्हणून गेटवर एक एलईडी दिवा लावला. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक या दिव्याने पडला.

मोबाइलवर पाहून चित्राची पारख करू नका. तिथे बहुधा सबस्ट्रीम दिसतो, म्हणजे कमी ठिपक्यांची दुय्यम धार. रेकॉर्डिंग सहसा मुख्य धारेचं असतं.

आवाजाचं ओझं अगदी थोडं. टेलिफोनच्या जगातून आलेली जी.७११ पद्धत सेकंदाला ८,००० नमुने घेते, प्रत्येक ८ बिटांचा. म्हणजे ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ हजार बिट). तरी आम्ही माइक बंदच ठेवला. गेटपाशी माणसं उभं राहून घरातलं बोलतात, ते डिस्कवर साठवण्याचा हक्क आम्हाला नाही, असं मला मनापासून वाटतं.

परवा रात्री भर पावसात मीच माझी मोटरसायकल गेटमधून तीनदा बाहेर काढली आणि रेकॉर्डिंग लावलं. तिन्ही वेळा शेवटचे चारही आकडे वाचता आले.