वक्ररेषांची संगणकीय देवाणघेवाण (बेळगाव सीमाभाग)

एका डिझाइन प्रोग्रॅममध्ये काढलेली वळणदार आकृती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा यंत्रावर नेताना तिचा आकार, माप किंवा सलगता बिघडते. त्या बिघाडाची कारणे आणि तो टाळण्याच्या पद्धती हा या नोंदीचा विषय आहे. सरळ रेषेला दोन टोके पुरतात, म्हणून ती कुठेही गेली तरी तशीच पोहोचते. वक्ररेषा मात्र प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या गणिताने साठवतो आणि एक्स्पोर्ट करताना ती एका गणितातून दुसऱ्या गणितात उतरवावी लागते. बहुतेक दोष या उतरवण्यात शिरतात. फाईल शाबूतच असते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हा प्रश्न दोन निरनिराळ्या धंद्यांत रोज पडतो. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्र्या, पॅटर्न शॉप (ओतकामाचे नमुने बनवणारी) आणि मशिन शॉपमधली ड्रॉइंग ऑटोकॅड किंवा तत्सम प्रोग्रॅममध्ये होतात. दुकानांचे फलक, लग्नपत्रिका, शिवजयंतीच्या चित्ररथांची सजावट, गणपतीच्या मंडपावरची अक्षरे ही कामे कोरलड्रॉमध्ये होतात. लेझर कटिंग आणि सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) राउटरवाले दोन्हीकडची कामे घेतात, त्यामुळे दोन जातींच्या फायली एकाच टेबलावर येतात. ‘फाईल उघडली की, पण गोल दिसंनात’ ही तक्रार तिथलीच. निपाणीत केलेली फाईल कोल्हापूरला कापायला जाते, तेव्हा काढणारा आणि कापणारा एकमेकांना पाहतही नाहीत. सगळी भिस्त फाईलवर असते.

वक्राचे गणित : आज छपाई आणि चित्रकामाच्या प्रोग्रॅममध्ये चालणारा बेझिए वक्र मोटारीच्या कारखान्यांतून आला. फ्रान्समध्ये सीत्रोएन कंपनीत पॉल द कास्टेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात गाडीच्या पत्र्याची वळणे आकड्यांत मांडण्यासाठी तो स्वतंत्रपणे वापरात आणला. घनघाती (तिसऱ्या घाताच्या) बेझिए वक्राला चार बिंदू लागतात. दोन टोकांचे असतात आणि उरलेले दोन वक्राला आपल्याकडे ओढतात. कोरलड्रॉत नोडला (रेषेवरच्या बिंदूला) जे दांडे दिसतात ते हेच. १९८४ च्या पोस्टस्क्रिप्टने हा वक्र छपाईत आणला. पुढे पीडीएफनेही तोच ठेवला आणि वर्तुळासाठी वेगळी आज्ञा ठेवलीच नाही. ट्रूटाइप फॉन्टमधला वक्र तीन बिंदूंचा, वर्गघाती (दुसऱ्या घाताचा) असतो. त्याचे घनघाती रूप तंतोतंत करता येते, उलट दिशेने मात्र अंदाजानेच.

खरी मेख वर्तुळात आहे. बेझिए वक्र कितीही नीट मांडला तरी त्याने अचूक वर्तुळ काढता येत नाही. चार तुकडे जोडून वर्तुळ करतात, दांड्याची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट धरतात आणि तरी काही ठिकाणी रेषा त्रिज्येच्या सुमारे ०.०२७ टक्के बाहेर जाते. १०० मिलिमीटर त्रिज्येवर ही चूक ०.०२७ मिलिमीटर. फलकावर ती कुणाच्या बापाला दिसणार नाही. पण २०० मिलिमीटर व्यासाच्या एच७ बोअरला (एच७ या ठरीव अचूकतेच्या भोकाला) एकूण मोकळीक, म्हणजे चालणारा फरक, ०.०४६ मिलिमीटर असते आणि समोरासमोरच्या दोन्ही बाजूंची चूक धरली तर व्यासात ०.०५४ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे यंत्राने काही चुकवायच्या आधीच ड्रॉइंगने सगळी मोकळीक खाल्लेली असते. म्हणून मशिन शॉपसाठीचे भोक चित्रकामाच्या प्रोग्रॅममध्ये काढून पाठवू नये, हे ठामपणे सांगायला हवे.

अभियांत्रिकीच्या प्रोग्रॅममध्ये वर्तुळ हे केंद्र आणि त्रिज्या अशा रूपात असते आणि मुक्त वळणांसाठी नर्ब्स वक्र असतो. नर्ब्समध्ये प्रत्येक बिंदूला वजन देता येते, म्हणून त्यात वर्तुळ अचूक बसते. हाच वजनदार वक्र कोरलड्रॉत किंवा इलस्ट्रेटरमध्ये आला, की वजने गळतात आणि जवळचा बेझिए वक्र शोधावा लागतो.

डीएक्सएफची अडचण : सीमाभागातल्या यंत्रांवर जाणाऱ्या बहुतेक फायली डीएक्सएफ या ड्रॉइंग देवाणघेवाणीच्या प्रकारात असतात. हा प्रकार १९८२ मध्ये ऑटोकॅडसोबत आला. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत रेषा, वर्तुळ, कंस आणि पॉलीलाइन (सलग जोडलेल्या तुकड्यांच्या रेषा) होत्या. लंबवर्तुळ आणि स्प्लाइन (मुक्त वळण) या स्वतंत्र वस्तू १९९४ च्या आर१३ आवृत्तीत आल्या. अजून कित्येक यंत्रांचे प्रोग्रॅम १९९२ ची आर१२ आवृत्तीच नीट वाचतात. त्यांना स्प्लाइन दिली, तर ते ती मुकाट्याने वगळतात. सरळ बाजू दिसतात आणि वळणे जागेवरच नसतात. वर दिलेली तक्रार बहुधा यातूनच येते. आर१२ मध्ये एक्स्पोर्ट केले तर वळणे दिसतात, पण बऱ्याचदा बारीक सरळ तुकड्यांच्या साखळीत.

ते तुकडे किती, यावर सगळे अवलंबून. १०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे ३६ तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर धातू ०.३८ मिलिमीटर आत कापला जातो आणि कडेला हात लावला की पैलू लागतात. ७२ तुकड्यांत ही चूक ०.१० च्या आत येते, ३६० तुकड्यांत ०.००४ च्या आसपास. मग तुकडे वाढवतच का नेऊ नयेत? कारण यंत्राला प्रत्येक सांध्यावर दिशा बदलावी लागते. जुना कंट्रोलर अडखळत चालतो. लेझरचा झोत सांध्यापाशी रेंगाळतो आणि अ‍ॅक्रिलिकच्या किंवा प्लायच्या कडेवर जळाल्याचे ठिपके उमटतात.

मधला मार्ग कंसाचा आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. यंत्राला चाल सांगणाऱ्या सीएनसीच्या जी-कोडमध्ये जी०१ म्हणजे सरळ चाल, जी०२ आणि जी०३ म्हणजे कंसातली चाल. डीएक्सएफच्या पॉलीलाइनमध्येही दोन बिंदूंमधला तुकडा कंस आहे हे सांगणारा एक आकडा असतो, त्याला बल्ज म्हणतात. कंसाच्या कोनाच्या चौथ्या भागाचा टॅन्जंट म्हणजे बल्ज : अर्धवर्तुळाला १, पाव वर्तुळाला ०.४१४२, आणि सरळ तुकड्याला ०. मुक्त वक्र अशा मोजक्या कंसांत बसवला तर फाईल हलकी राहते, यंत्र सलग चालते आणि कड गुळगुळीत येते. ऑटोकॅडमध्ये पी-एडिट या आज्ञेने स्प्लाइनची पॉलीलाइन करताना सरळ तुकडे हवेत की कंस, हे एका सेटिंगने ठरवता येते. ते एकदा लावून ठेवले की पुढची कटकट मिटते.

अक्षरांची वळणे : फलकाच्या कामात वक्रांचा सगळ्यात मोठा साठा अक्षरांत असतो. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्ती कायद्यानुसार फलकाचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो, त्यामुळे इथल्या डिझायनरच्या एका फायलीत कन्नड आणि मराठी अक्षरे शेजारी असतात. श्रीलिपी किंवा नुडीसारख्या टंकन प्रणालींच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर असेल आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल, तर अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. म्हणून ‘फाईल कर्व्ह करून पाठवा’ हा इथल्या प्रेसवाल्यांचा पहिला निरोप असतो. कोरलड्रॉत कंट्रोल-क्यू दाबले की अक्षरांचे वक्र होतात आणि फॉन्टचा प्रश्न सुटतो. त्यापुढचा प्रश्न देवनागरीचा स्वतःचा आहे.

‘बेळगाव’ हा शब्द घ्या. फॉन्टमध्ये ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना, व असे सुटे आकार असतात आणि शिरोरेषा सलग दिसावी म्हणून प्रत्येकाची शिरोरेषा शेजारच्यावर किंचित चढवलेली असते. कागदावर काळ्यावर काळे येते, काही कळत नाही. कर्व्ह करून हेच विनाइल कटरला किंवा लेझरला दिले, की ते प्रत्येक आकाराची पूर्ण कड कापते. शिरोरेषेवर दोन अक्षरांच्या मधे उभी चीर पडते आणि अ‍ॅक्रिलिकचा सलग शब्द सुट्या अक्षरांत हातात येतो. घाईत कंबाइन केले तर दुसराच घोटाळा : जिथे दोन आकार एकमेकांवर आहेत ती जागा प्रोग्रॅम पोकळ धरतो आणि शिरोरेषेत बारीक चौकोनी भोके पडतात. इथे वेल्डच करावे लागते. त्याने आतल्या कडा नाहीशा होऊन बाहेरची एकच कड उरते. वेल्ड केल्यावर वायरफ्रेममध्ये (फक्त कडा दाखवणाऱ्या दृश्यात) शिरोरेषा टोकापासून टोकापर्यंत पाहावी. एखादा काना केसभर दूर राहिला असेल, तर तो तिथेच सापडतो.

कन्नड अक्षरांना सलग शिरोरेषा नसते, त्यामुळे ही चीर पडत नाही. पण ती अक्षरे बहुतांशी गोल असतात, आणि तुकड्यांत मोडलेला वक्र त्यांच्यात पटकन डोळ्यांत भरतो. देवनागरीला चालून गेलेले एक्स्पोर्टचे सेटिंग त्याच फलकावरच्या कन्नड ओळीला ओबडधोबड करते. दोन्ही लिप्यांच्या फलकाचे सेटिंग नेहमी कन्नड अक्षरांवर पारखून ठरवावे.

माप आणि दिशा : वळण नीट पोहोचले तरी माप चुकू शकते. इलस्ट्रेटर एसव्हीजी या चित्रप्रकाराच्या फायलीत एका इंचाला ७२ पिक्सेल धरतो, इंकस्केप ९६. पहिल्यात १०० मिलिमीटर काढलेले दुसऱ्यात ७५ भरते. इंकस्केपच्याच ०.९२ पूर्वीच्या आवृत्त्या ९० धरत, म्हणून तिथल्या जुन्या फायली ९३.७५ टक्के होऊन उघडू शकतात. डीएक्सएफमधल्या आकड्यांना एकक लिहिलेले नसेल, तर मिलिमीटर आणि इंच यांच्या गफलतीत वस्तू २५.४ पट मोठी किंवा लहान होते. ही चूक मोठी असल्याने लगेच लक्षात येते. ९३.७५ ची चूक मात्र बसवायला गेल्यावर कळते. एसव्हीजीत उभा अक्ष खाली वाढतो, डीएक्सएफमध्ये वर. रूपांतर कच्चे असेल तर आकृती उलटते किंवा एखादाच कंस भलत्या बाजूला फुगतो.

कड बंद नसणे हाही नेहमीचा दोष आहे. दशांश छाटले गेले की दोन टोकांत हजारांश मिलिमीटरची फट राहते आणि कॅम प्रोग्रॅमला (ड्रॉइंगवरून यंत्राची चाल ठरवणाऱ्या) आत-बाहेर ठरवता येत नाही. एकावर एक दोन रेषा असतील तर यंत्र तीच जागा दोनदा कापते.

कामाची रीत : आधी यंत्र विचारावे, मग एक्स्पोर्ट करावे. कोरलड्रॉ आणि इलस्ट्रेटर यांच्यात पीडीएफ सर्वांत भरवशाचे, कारण दोघांचा वक्र एकच. लेझर, प्लाझ्मा, राउटरला कंसांची पॉलीलाइन असलेली डीएक्सएफ द्यावी. हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात होतात तशा विमानभागांच्या त्रिमित कामात स्टेप, म्हणजे आयएसओ १०३०३ हे १९९४ पासूनचे मानक, वापरावे; त्यात नर्ब्स वजनांसह टिकतो. प्रत्येक फायलीच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा चौकोन, त्यात एक वर्तुळ आणि एक अक्षर ठेवावे. चौकोनावरून माप कळते, वर्तुळावरून पैलू, अक्षरावरून उलटापालट.

पॅटर्न शॉपमध्ये आणखी एक पथ्य आहे. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना सुमारे १ टक्का आकसते, म्हणून पॅटर्नचे ड्रॉइंग १.०१ पट करतात. ही वाढ दोन्ही अक्षांवर सारखी दिली तर कंस कंसच राहतो. एकाच बाजूने ताणले तर वर्तुळाचे लंबवर्तुळ होते, आर१२ मध्ये त्याला जागा नाही, आणि तुकड्यांची साखळी पुन्हा सुरू होते. वाढ मूळ ड्रॉइंगमध्ये, एक्स्पोर्टच्या आधी द्यावी.