वेग आणि कस: हरणाऱ्या बास्केटबॉल संघात नेमकं काय बिघडलंय?

ऑनलाइन बास्केटबॉल-व्यवस्थापनाच्या खेळात आपला संघ सलग हरायला लागला की बहुतेक जण आधी सरासरी गुणांचा तक्ता उघडतात. दर सामन्याला आपण 86 गुण देतोय असं दिसलं की निदान तयार: बचाव गळका आहे. मग सरावाची मिनिटं बचावाकडे वळतात, भरतीतही बचावपटूच शोधले जातात आणि पुढच्या सीझनला संघ पुन्हा तळाशीच. कारण 86 या आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, सामना किती वेगाने खेळला गेला. दुसरी, संघ मुळात किती चांगला आहे. या दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्याशिवाय पडता संघ उचलता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी बोलतोय ते व्हॉटइफस्पोर्ट्सच्या 'हूप्स डायनॅस्टी'सारख्या खेळांबद्दल. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा एक संघ तुमच्या हाती येतो. नवा कोच सुरुवात करतो ती डिव्हिजन थ्रीमधून, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीवरून, आणि तिथे मिळणारा संघ बऱ्याचदा आधीच्या कोचने अर्ध्यावर टाकलेला असतो. बारा खेळाडू, प्रत्येकाचे धाव, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), बचाव, बॉल हँडलिंग, पासिंग, लांबून नेम असे वेगवेगळे गुणांक, सरावाची वेळ कुठे घालवायची याचं नियोजन आणि सीझनअखेर भरती. सामना तुम्ही खेळत नाही, इंजिन खेळतं. सकाळी उठून बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकड्यांचा तक्ता, वाचायचा, एवढंच हातात. म्हणून तो नीट वाचता येणं हेच इथलं खरं कौशल्य.

आता पझेशन म्हणजे काय ते एकदा ठरवून घेऊ. चेंडू आपल्या ताब्यात आल्यापासून समोरच्या संघाकडे जाईपर्यंतचा काळ म्हणजे एक पझेशन. शॉट चुकला पण रिबाउंड आपल्यालाच मिळाला, तर तेच पझेशन पुढे चालू राहतं. सामन्यात दोन्ही संघांना जवळपास सारखीच पझेशन मिळतात. वेग म्हणजे ती किती झाली. कस म्हणजे दर पझेशनमागे आपण किती गुण काढले आणि किती दिले.

दोन काल्पनिक संघ घ्या. पहिला दर सामन्याला 78 गुण करतो, 86 देतो. दुसरा 58 करतो, 66 देतो. दोघेही सरासरी 8 गुणांनी हरतात. तक्ता पाहणारा म्हणेल, पहिल्याचा बचाव वाईट आणि दुसऱ्याचं आक्रमण वाईट. पण पहिल्याच्या सामन्यांत 82 पझेशन होतात आणि दुसऱ्याच्या 62. दर 100 पझेशनमागे मोजलं तर पहिला 95.1 गुण करतो आणि 104.9 देतो. दुसरा 93.5 करतो आणि 106.5 देतो. म्हणजे जो फक्त 66 गुण देतोय, त्याचाच बचाव जास्त भोकाचा आहे. क्रिकेट पाहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही: 160 धावा 20 षटकांतल्या की 50 षटकांतल्या, हे विचारल्याशिवाय आपण बोलतच नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र तोच प्रश्न विचारायचा राहून जातो, कारण सामना सगळ्यांसाठी 40 मिनिटांचाच असतो आणि पझेशनची संख्या फलकावर लिहिलेली नसते.

खऱ्या कॉलेज बास्केटबॉलमधली दोन उदाहरणं मला फार आवडतात, कारण दोन्हींत राष्ट्रीय स्पर्धेचा आदल्या वर्षीचा विजेता हरला. मार्च 1990 मध्ये लोयोला मेरीमाउंटने मिशिगनला 149-115 असं हरवलं. मार्च 1996 मध्ये प्रिन्स्टनने यूसीएलएला 43-41 असं हरवलं. पहिल्या संघाचे कोच पॉल वेस्टहेड. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारा जास्तीत जास्त वेळ, तेव्हा 45 सेकंदांचं होतं, पण त्यांचा संघ चेंडू मिळाल्यावर काही सेकंदांतच शॉट मारायचा. त्या सीझनची सरासरी दर सामन्याला 122.4 गुण, आणि देत होते ते सुद्धा शंभरावर. नुसते दिलेले गुण पाहिले तर हा देशातला एक टाकाऊ बचाव. प्रत्यक्षात हा संघ, आपला आघाडीचा खेळाडू हँक गॅदर्स त्याच महिन्यात मैदानावर कोसळून गेल्यानंतरही, शेवटच्या आठांत पोचला. प्रिन्स्टनचे कोच पीट कॅरिल उलट्या टोकाचे. 1996 मध्ये शॉट क्लॉक 35 सेकंदांचं होतं, आणि ते जवळजवळ पूर्ण वापरून, पास फिरवत फिरवत, बास्केटकडे मागच्या दाराने शिरणारा खेळाडू मोकळा होईपर्यंत त्यांचा संघ थांबायचा. 149 गुण करणारा संघ आणि 43 गुण करणारा संघ, दोघांनीही मोठी शिकार केली. वेग हा चांगला-वाईट नसतोच. तो निवडायचा असतो.

तर मग कस मोजायचा कसा? बॉक्स स्कोअरमधून पझेशन काढायचं कॉलेजसाठी प्रचलित सूत्र सोपं आहे: मारलेले शॉट, वजा आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर (शॉट न मारताच चेंडू गमावणं), अधिक फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) 0.475 पट. एक नमुना सामना मांडतो. आपल्या संघाने 58 शॉट मारले, त्यातले 24 पडले, पैकी 6 तीन गुणांचे. 20 फ्री थ्रोपैकी 14 पडले. आक्रमक रिबाउंड 9, टर्नओव्हर 17. निकाल: 68-77, हार. पझेशन झाली 58 वजा 9 अधिक 17 अधिक 9.5, म्हणजे 75.5. आपण दर 100 मागे 90 गुण केले, समोरच्याने 102.

इथे बचाव बरा आहे. डिव्हिजन वनमध्ये साधारण संघही 100 ते 105 च्या आसपास असतो, म्हणजे 102 देणं ही काही नामुष्की नाही. दुखणं आक्रमणात आहे, आणि आक्रमणातही नेमक्या एका जागी. बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी सामन्याचा निकाल ठरवणारे चार घटक मांडले: शॉटचा दर्जा, टर्नओव्हर, आक्रमक रिबाउंड आणि फ्री थ्रो. त्यांनी दिलेलं वजन साधारण 40, 25, 20 आणि 15 टक्के. ही चाळणी आपल्या सामन्याला लावू. तीन गुणांच्या शॉटला दीडपट धरून नेम 46.6 टक्के येतो. थोडा कमी, पण सांभाळता येईल असा. टर्नओव्हर मात्र 75.5 पैकी 17, म्हणजे साडेबावीस टक्के. चांगले संघ हा आकडा पंधरा-सोळापर्यंत खाली ठेवतात. जवळपास दर चौथं पझेशन शॉटशिवायच वाया जातंय. ज्या 58.5 पझेशनमध्ये चेंडू हातचा गेला नाही, त्यांत आपण दर खेपेला 1.16 गुण केले, आणि हे खरंच चांगलं आहे. टर्नओव्हर 17 चे 13 केले तर साडेचार गुण आपल्या खात्यात वाढतात. 9 गुणांच्या हारेतली निम्मी दरी नवा खेळाडू न आणता भरली, आणि समोरच्याला मिळणारे फुकटचे फास्टब्रेक (बचाव सावरायच्या आत होणारे झटपट हल्ले) घटले तो फायदा वेगळाच.

आता उपाय कुठे शोधायचा ते स्पष्ट दिसतं. गार्डच्या, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणाऱ्यांच्या, सरावात बॉल हँडलिंग आणि पासिंगची मिनिटं वाढवायची. सांघिक आक्रमणाचा सरावही वाढवायचा, कारण मोशन, फ्लेक्स, ट्रँगल, फास्टब्रेक या आक्रमणाच्या पद्धतींपैकी तुम्ही निवडलेली पद्धत खेळाडूंना किती कळलीय हे ए, बी, सी अशा श्रेणीत दिसतं, आणि श्रेणी खाली असली की चुका होतातच. पडत्या संघात नवा कोच आला की बऱ्याचदा पहिल्याच दिवशी आवडीची पद्धत लावतो. खेळाडू जुनी पद्धत शिकून तयार झालेले, नवीत सगळे पुन्हा बाराखडीवर. माझा सल्ला, पहिला सीझन आहे ती पद्धत चालवा. बदल नव्या भरतीबरोबर करा. शिवाय शॉटची वाटणी पाहा. हातातून चेंडू निसटणाऱ्या फॉरवर्डकडे आक्रमणाचा मोठा वाटा असेल तर तो आजच कमी करता येतो, त्याला सराव लागत नाही.

दुखणं दुसरीकडे निघालं तर औषधही दुसरं. नेम वाईट असेल तर आधी हे बघायचं की वाईट शॉट मारतंय कोण. बहुतेक वेळा संघात दोन बरे शूटर असतात आणि चेंडू तिसऱ्याकडेच जात असतो. रिबाउंडचं दुखणं सरावाने फारसं हलत नाही, ते भरतीचं काम आहे. फ्री थ्रोकडे मी शेवटी बघतो.

एक गोष्ट विसरू नका: प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक गुणांकाला वाढीची मर्यादा असते. मर्यादेला टेकलेल्या गुणांकावर रोज मिनिटं घालणं म्हणजे ती मिनिटं फेकून देणं. पडत्या संघाचं सराव-पान उघडलं की हीच उधळपट्टी सगळ्यात आधी दिसते. सीनियर सेंटरचा बचाव महिनोन्महिने जागचा हललेला नसतो आणि मिनिटं तिथेच पडत असतात.

आता वेगाकडे. सामन्याआधी स्लोडाउन (संथ), नॉर्मल किंवा अपटेम्पो (वेगवान) निवडता येतं. हे बटण संघ सुधारत नाही. त्या एका रात्रीचा जुगार किती मोठा करायचा ते ठरवतं. समजा आपण समोरच्यापेक्षा दर 100 पझेशनमागे 10 गुणांनी कमी आहोत. 80 पझेशनचा सामना झाला तर अपेक्षित पिछाडी 8 गुणांची. 60 चा झाला तर 6 ची. म्हणजे पिछाडी पाव हिश्श्याने घटली. नशिबाचा चढउतार मात्र पझेशनच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे हलतो, म्हणून तो फक्त 13 टक्क्यांच्या आसपास घटतो. पिछाडी जास्त कमी झाली, नशिबाचा वाटा तेवढा कमी झाला नाही. दुबळ्या संघाला जिंकायची संधी वाढली. 41-43 च्या सामन्यात प्रिन्स्टनला हेच हवं होतं. त्याच कारणाने आपण वरचढ असू तेव्हा संथ खेळणं म्हणजे दुबळ्याला आयती संधी देणं.

संथ खेळ म्हणजे दुबळ्याचंच हत्यार, असंही कोणी समजू नये. टोनी बेनेट यांचा व्हर्जिनिया डिव्हिजन वनमधल्या सगळ्यात संथ संघांपैकी एक होता आणि 2019 मध्ये तोच विजेता ठरला. त्याआधीच्या वर्षी, 2018 मध्ये, पहिलं मानांकन असूनही तो सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून 74-54 असा हरला होता. पुरुषांच्या स्पर्धेत असं पहिल्यांदाच घडलं. अनेकांनी तेव्हा संथ वेगाला दोष दिला. मला तो अपुरा वाटतो. 20 गुणांची हार पझेशन कमी होती म्हणून होत नाही. त्या रात्री संघ सगळ्याच बाजूंनी मागे पडला. आणि पुढच्या वर्षी बेनेट यांनी वेग बदलला नाही, ही गोष्ट पडता संघ हाती घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी.

वेग आणि कस एकमेकांत अडकतात ते फुल कोर्ट प्रेसमध्ये, म्हणजे समोरच्याला पूर्ण मैदानभर दाबून धरणाऱ्या बचावात. प्रेस लावला की दोन्हीकडची पझेशन वाढतात, समोरच्याचे टर्नओव्हर वाढतात आणि आपले खेळाडू दमतात. दमलेल्या खेळाडूचा कस घसरतो. म्हणून प्रेस खेळायला दहा माणसं तरी भरवशाची लागतात आणि स्टॅमिना लागतो. पडत्या संघाकडे बहुतेकदा सहा-सातच बरे असतात. अशा वेळी प्रेससह अपटेम्पो लावलेला दिसला तर निम्मं निदान तिथेच झालं. पहिल्या आणि दुसऱ्या हाफचे गुण वेगळे बघा: पहिल्या हाफमध्ये बरोबरी आणि दुसऱ्यात 15 ची पिछाडी असं वारंवार होत असेल, तर बचावपटूंपेक्षा बाकावरच्या माणसांचा प्रश्न आहे. मॅन-टू-मॅन (प्रत्येकाने एकेक खेळाडू सांभाळायचा) किंवा झोनवर (प्रत्येकाने एकेक जागा सांभाळायची) या, वेग नॉर्मल करा, आणि प्रेस भरती पुरेशी होईपर्यंत बाजूला ठेवा.

तुलना करताना समोरचा कोण होता तेही धरायला हवं. आकडेवारीतज्ज्ञ केन पॉमेरॉय यांची कॉलेज क्रमवारी दर 100 पझेशनचे आकडे प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार दुरुस्त करूनच लावली जाते. आपल्याला तेवढं गणित करायची गरज नाही. आपल्या कॉन्फरन्समधले, म्हणजे आपल्या गटातले, सामने वेगळे काढले तरी पुरतं, कारण तिथे सगळ्यांची गाठ जवळपास त्याच संघांशी पडते. सीझनच्या सुरुवातीला बलाढ्य संघांकडून खाल्लेला मार सरासरीत धरला तर चांगला सराव-बदलही फुकट गेल्यासारखा दिसतो, आणि कोच पुन्हा सगळं उलटवून टाकतो.

सीझन संपताना भरतीचं पान उघडाल तेव्हा हाच हिशोब कागदावर ठेवा. टर्नओव्हर हे दुखणं ठरलं असेल तर एकूण गुणांकांची बेरीज मोठी असलेल्या उंच फॉरवर्डपेक्षा बेरजेत मागे पण बॉल हँडलिंग आणि पासिंगला वाढीची जागा असलेला गार्ड आधी घ्या. तो फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, म्हणून बाकावरच बसेल, पहिल्या वर्षी तक्त्यात काहीच हलणार नाही. दुसऱ्या वर्षी कॉन्फरन्सच्या सामन्यांत टर्नओव्हरचा टक्का बावीसवरून अठरावर आलेला दिसला, तर गुणांची सरासरी काहीही म्हणो, तुमचा संघ वर यायला लागलाय.