पार्श्वभूमी : बंद पाकिटातली चिठ्ठी

कोल्हापुरातल्या जुन्या माणसांसमोर 'वानलेसवाडी' म्हटलं की आजही आवाज खाली येतो. मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाचं तिथलं क्षयरोग्यांचं सॅनिटोरियम. माझ्या आजीची थोरली बहीण तिथं राहून बरी होऊन आली, तरी तिचं जर्मनचं ताट आणि तांब्या पुढं कित्येक वर्षं वेगळ्या फळीवरच होता. टीबी म्हणजे घरापासून तोडणं, हे तेव्हा सगळ्यांनी गृहीतच धरलेलं होतं. ते मोडलं उपचारांच्या एका चाचणीनं. आज हृदयरोगापासून कर्करोगापर्यंत जे नवं संशोधन आपण वाचतो, त्याची मुळंही टीबीवरच्या अशा चाचण्यांतच आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं नवं औषध फार थोडं मिळत होतं, सगळ्या रुग्णांना पुरणारं नव्हतं. मग द्यायचं कुणाला? ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानं निवड डॉक्टरांच्या हातात ठेवलीच नाही. क्रमांक घातलेली बंद पाकिटं तयार केली. रुग्ण चाचणीत घ्यायचं ठरलं की त्याच्या क्रमांकाचं पाकीट उघडायचं. आतल्या चिठ्ठीवर 'एस' असेल तर इंजेक्शन आणि विश्रांती, 'सी' असेल तर नुसती विश्रांती. एकूण १०७ रुग्ण. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, न मिळालेल्या ५२ पैकी १४. हा अहवाल १९४८ चा. पण त्यातच पुढचं संकटही दिसलं होतं : एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू दाद देईनासे होत होते. टीबीला एकाच वेळी अनेक औषधं देतात, ती यामुळंच.

आपल्या घरांपर्यंत पोचली ती मात्र मद्रासची चाचणी. १९५६ मध्ये तिथं क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झालं. शहरातल्या गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण घेतले. चिठ्ठीनुसार काही सॅनिटोरियममध्ये, काही आपापल्या घरी. औषधं दोघांना तीच, वर्षभर. सॅनिटोरियममध्ये खाणं चांगलं, हवा मोकळी, आराम भरपूर. घरी दाटीवाटी, अर्धपोटी जेवण आणि जमेल तसं काम. १९५९ मध्ये निकाल आला : दोन्हीकडचे रुग्ण जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले. घरी राहिलेल्यांमुळं कुटुंबात लागण वाढल्याचंही दिसलं नाही. मला हा निकाल औषधाच्या शोधाइतकाच मोठा वाटतो. जगभरची सॅनिटोरियमं पुढं ओस पडली, त्यात या निकालाचा मोठा हात आहे.

चिठ्ठीची ही पद्धत मग सगळ्या शाखांत गेली. हृदयविकाराच्या झटक्यात साधी ॲस्पिरिन जीव वाचवते, हे १९८८ मध्ये सतरा हजारांवर रुग्णांच्या चाचणीतून ठरलं. कोरोनात ऑक्सिजनवर असलेल्यांना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड उपयोगी पडतं, हे २०२० मध्ये. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या पुढाकारानं झालेल्या अभ्यासात स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती भूल देण्याचं स्वस्त इंजेक्शन टोचलं, तर कर्करोग उलटण्याचं प्रमाण घटलं. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात २००९ पासून अशा प्रत्येक चाचणीची आधी सरकारी नोंदणी करावी लागते. त्यामुळं निकाल मनासारखा आला नाही म्हणून चाचणी गुपचूप गाडून टाकणं अवघड झालं.

आणि टीबी? मद्रासनं सांगितलं होतं की औषध नीट घेतलं तर साध्या जेवणावरही रोगी बरा होतो. घरातल्या बाकीच्यांच्या पोटाचं काय, हा प्रश्न मात्र राहूनच गेला होता. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या दहा हजारांवर घरच्या माणसांवर अभ्यास झाला. रुग्णाला सगळीकडंच शिधा मिळाला. निम्म्या भागांत घरच्या प्रत्येक मोठ्या माणसालाही महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. आजीच्या घरात ताट वेगळं केलं होतं. त्या ताटात आणि बाकीच्यांच्या ताटांत काय पडतं, हे मोजायला २०२३ उजाडलं.