समुद्रकाठच्या ख्रिस्ती तरुण शिबिरांची कुळकथा

आमच्याकडून तंबू नेणारे तरुणसंघ आणि मंडळ्या एक प्रश्न हमखास विचारतात: शिबिर समुद्रावरच घ्यायची रीत पडली कशी? म्हणून हे पत्रक तंबूसोबत देत आहोत.

१८६८ साली वेल्समधल्या लँडुड्नोच्या किनाऱ्यावर जोसाया स्पायर्स यांनी ‘देव प्रीती आहे’ हे वचन वाळूत मोठ्या अक्षरांत लिहिलं. आसपास खेळणाऱ्या मुलांनी ती अक्षरं गोटे, शिंपले आणि शेवाळ लावून सजवली. मग स्पायर्स यांनी त्यांना गोष्ट सांगितली. मुलांना बायबल शिकवणाऱ्या स्क्रिप्चर युनियन या संस्थेचं किनाऱ्यावरचं काम इथूनच वाढलं. ती मुलं मात्र मुक्कामाला नव्हती.

मुक्काम आणला विल्यम स्मिथ यांनी. ग्लासगोच्या या संडेस्कूल शिक्षकाने १८८३ मध्ये बॉइज ब्रिगेड सुरू केली: कवायत आणि बायबलवर्ग, दोन्ही एकत्र. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं बंद पडायचं आणि मुलांशी धागा तुटायचा. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली असणार. जुलै १८८६ मध्ये ते आपल्या मुलांना स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या टिनाब्रुइच गावी घेऊन गेले. तंबू विकणाऱ्यांनी सांगावं हे नवल वाटेल, पण त्या पहिल्या शिबिरात तंबू नव्हतेच; मुलं एका हॉलमध्ये राहिली. आमच्या मते शिबिराचा जीव यातच आहे: शिकवणारा आणि मुलं एका छताखाली झोपली, एका पंक्तीला जेवली.

१८९४ पासून ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या आयल ऑफ मॅन या बेटावर जोसेफ कनिंगहॅम यांनी तरुणांची तंबूंची वसाहत उभी केली. तिथे दारूला मज्जाव होता. १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी घेतलेल्या पहिल्या, प्रसिद्ध बालवीर (स्काउट) शिबिरातही बॉइज ब्रिगेडची मुलं होतीच.

आता आपल्या तंबूविषयी. किनाऱ्यावर वाळलेल्या शेवाळाची ओळ दिसते ना, भरती तिथवर येते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी त्याच्याही पुढे येतं, तेव्हा तंबू बराच वर ठोका. नुसती खुंटी वाळूत धरत नाही. वाळूने भरलेली गोणी खोल पुरा आणि दोर तिला बांधा. सुती दोर असतील तर संध्याकाळी थोडे सैल सोडा. दवाने ते आखडतात आणि रात्रीत खुंट्या उपटतात. हे काम मुलांनाच करू द्या. पहिल्या दिवशी एकदा दाखवलं की पुढे तीच एकमेकांना आठवण करून देतात.