बालवयातील मल्टिपल स्क्लेरोसिस : असामान्य रूपे

मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा एमएस या रोगात मेंदू, मेरुरज्जू व दृक्-तंत्रिका यांतील तंतूंवरचे मायलिन आवरण शरीराच्याच प्रतिरक्षा यंत्रणेकडून जागोजागी नष्ट होते व तेथे चट्टे पडतात. फ्रेंच तंत्रिकातज्ज्ञ शार्को यांनी १८६८ मध्ये या रोगाला स्वतंत्र ओळख दिली. वयाच्या अठराव्या वर्षाआधी सुरू झालेला तो बालवयातील एमएस. एकूण रुग्णांत अशांचे प्रमाण सामान्यतः ३ ते ५ टक्के धरतात. दहा वर्षांखालील मुले एक टक्क्याच्याही आत. किशोरवयात रोग बहुधा प्रौढांसारखाच वागतो, म्हणजे अटॅक येतो, ओसरतो आणि पुन्हा येतो. मात्र अटॅक प्रौढांपेक्षा दोन ते तीनपट वारंवार येतात. प्रस्तुत नोंद या परिचित चित्राबाहेरच्या रूपांपुरती आहे.

असामान्य रूपांची चर्चा शिल्डर यांच्या नावापाशी सुरू होते आणि तिथेच गुंतते. ऑस्ट्रियन वैद्य पाउल शिल्डर यांनी १९१२ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलीची हकिगत प्रसिद्ध केली. तिची बुद्धी झपाट्याने ढासळली, कवटीतील दाब वाढल्याची लक्षणे दिसली आणि एकोणीस आठवड्यांत ती दगावली. शवविच्छेदनात दोन्ही मस्तिष्क गोलार्धांच्या श्वेतद्रव्यात मायलिन नष्ट झालेले मोठे, रेखीव कडांचे पट्टे आढळले आणि शेजारी एमएसमध्ये दिसतात तसे लहान चट्टेही. एवढ्यावर प्रकरण थांबते, तर नाव सुटसुटीत राहिले असते. पण शिल्डर यांनी १९१३ व १९२४ मध्ये आणखी दोन रुग्ण त्याच नावाखाली मांडले. त्यांपैकी पहिला आज अ‍ॅड्रिनोल्यूकोडिस्ट्रॉफी या आनुवंशिक विकाराचा मानला जातो. दुसरा बहुतेकांच्या मते गोवरानंतर काही वर्षांनी मेंदूत उद्भवणाऱ्या सबअ‍ॅक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिसचा असावा, मात्र यावर पूर्ण एकमत नाही. परिणामी पुढची कित्येक दशके ‘शिल्डरचा रोग’ या नावाखाली मुलांच्या श्वेतद्रव्याचे नाना विकार गोळा होत गेले.

ही गुंतागुंत सोडवण्याचे श्रेय मुख्यतः तंत्रिकातज्ज्ञ चार्ल्स पोझर यांना जाते. १९८०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी व सहकाऱ्यांनी हे नाव १९१२च्या मुलीसारख्या रुग्णांपुरते मर्यादित केले : एक किंवा दोन, साधारण सममित, किमान दोन सेंटिमीटरचे चट्टे, परिघीय तंत्रिकांना इजा नाही, अधिवृक्क ग्रंथींचे कार्य आणि रक्तातील अतिदीर्घ शृंखलेच्या मेदाम्लांचे प्रमाण प्राकृत. शेवटची अट निर्णायक ठरली, कारण अ‍ॅड्रिनोल्यूकोडिस्ट्रॉफीत ही मेदाम्ले साचतात हे १९७६ मध्ये उघड झाले होते. इतके गाळूनही उरते तो स्वतंत्र रोग की एमएसचेच उग्र रूप, यावर दुमत आहे. प्रस्तुत संकलकाचा कल दुसऱ्या मताकडे आहे.

मोठ्या, गाठीसारख्या दिसणाऱ्या चट्ट्यांना ‘ट्यूमेफॅक्टिव्ह’ म्हणतात. चट्टा दोन सेंटिमीटरहून मोठा, भोवती सूज आणि रंगद्रव्य दिल्यावर एमआरआयमध्ये उजळणारे कडे एका बाजूला तुटलेले, असे चित्र दिसल्यास अर्बुदापेक्षा मायलिनच्या विकाराचा संशय बळावतो. बालो यांनी १९२८ मध्ये वर्णिलेला प्रकार आणखी विरळ. त्यात मायलिन असलेली व नसलेली वलये कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकाआड एक येतात.

लहान मुलांत खरी अडचण ॲडेम (मेंदू व मेरुरज्जू यांत अनेक ठिकाणी अचानक दाह होणे) या विकाराशी असलेल्या साम्याची. तापाने उलगडा होणार नाही अशी गुंगी किंवा वर्तनातील बदल, सोबत अनेक ठिकाणची तंत्रिकीय लक्षणे, हे ॲडेमचे चित्र. आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाच्या २००७ मधील, २०१३ मध्ये सुधारलेल्या व्याख्येनुसार अशा सुरुवातीनंतर किमान तीन महिन्यांनी गुंगीविना दुसरा अटॅक आला आणि एमआरआयमध्ये एमएसला साजेसे नवे चट्टे दिसले, तरच एमएसचे निदान करता येते. सुमारे अकरा वर्षांखालील मुलांत पहिल्या एमआरआयमधील चट्टे मोठे व पुसट कडांचे असतात आणि पुढच्या तपासणीत काही चक्क नाहीसे होतात. मस्तिष्क-मेरुद्रवातील ऑलिगोक्लोनल पट्टेही (एमएसमध्ये बहुधा आढळणारी प्रतिपिंडांची खूण) या वयात कमी वेळा सापडतात.

पूर्वी ‘असामान्य एमएस’ म्हणून नोंदलेल्या बऱ्याच मुलांना प्रत्यक्षात मॉग (मायलिनच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन) याविरुद्धच्या प्रतिपिंडांशी निगडित वेगळा रोग होता, हे अलीकडे स्पष्ट झाले आहे. दोन्ही डोळ्यांची दृष्टी एकदम जाणे, ॲडेम पुन्हा पुन्हा होणे, या खुणा तिकडे बोट दाखवतात. अनेक दिवस न थांबणारी उचकी व उलटी मात्र अ‍ॅक्वापोरिन-४ प्रतिपिंडांशी निगडित न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या दृक्-तंत्रिका व मेरुरज्जू यांच्या दाहाच्या वेगळ्या रोगाची शंका निर्माण करते. हा केवळ नावांचा वाद नव्हे : एमएसची बीटा इंटरफेरॉनसारखी औषधे न्यूरोमायलायटिस ऑप्टिकात रोग वाढवू शकतात.

लक्षणांपैकी सर्वाधिक फसवे म्हणजे आकस्मिक ताठरपणा. हाताची बोटे आपोआप आखडतात, मनगट वळते, कळ उठते आणि मिनिटभरात सारे पूर्ववत होते. हे दिवसातून अनेकदा घडू शकते. मूल पूर्ण शुद्धीवर असते. फेफरे समजून ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) काढला जातो व तो प्राकृत येतो, कारण हा ताठरपणा मेंदूच्या बाह्यकातून नव्हे, तर खालच्या मार्गातील मायलिन गेलेल्या तंतूंतून उद्भवतो. गंमत अशी, की फेफऱ्यावरचेच कार्बामाझेपीन अल्प मात्रेतही येथे बहुधा गुण देते. खरे फेफरेही येते आणि प्रौढांपेक्षा लहान मुलांत अधिक. मान खाली घालून पुस्तक पाहताना पाठीतून वीज गेल्यासारखे वाटणे, हे लेर्मिट यांचे चिन्ह मूल स्वतःहून क्वचितच सांगते, विचारावे लागते. सुमारे एक तृतीयांश मुलांत आकलन व स्मृतीवर परिणाम होतो. फळ्यावरचे उतरवून घेण्यात मागे पडणे, पेपर अर्धवट राहणे, ही त्याची पहिली खूण असू शकते आणि तिच्यावर आळसाचा शिक्का बसतो. मानसिक लक्षणांनीच सुरुवात झाल्याची उदाहरणे आहेत, पण ती तुरळक आहेत.

उपचारांची चौकट नेहमीचीच. उग्र अटॅकमध्ये शिरेतून मेथिलप्रेडनिसोलोन देतात. तेवढ्याने न भागल्यास प्लाझ्मा बदलतात. अमेरिकेत अटॅक कमी करणाऱ्या फिंगोलिमॉड या औषधाला २०१८ मध्ये दहा वर्षांवरील मुलांसाठी मान्यता मिळाली. सुरुवातीपासून सतत वाढत जाणारा एमएस बालवयात इतका दुर्मीळ आहे, की तो दिसल्यास ल्यूकोडिस्ट्रॉफी (श्वेतद्रव्याचे आनुवंशिक विकार) व मायटोकॉन्ड्रियाचे (पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांचे) विकार आधी तपासतात.