पहिल्या अडीच हजार इंजिनांचा पंप

नवं इंजिन म्हणजे जास्त पार्ट, हा समज आपल्याकडे पक्का आहे. म्हणून फोर्डच्या मॉडेल टी गाडीवर वॉटर पंप, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवणारा पंप, दिसला की कुणीतरी ठासून सांगतं, "हा मागाहून बसवलाय." पुष्कळदा ते खरंही असतं. पण 1908 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत आलेल्या या गाडीच्या पहिल्या सुमारे 2,500 इंजिनांना पंप कारखान्यातूनच होता. 1909 मध्ये फोर्डने तो काढला आणि पुढच्या दीडेक कोटी गाड्या बिनपंपाच्याच निघाल्या. फरक ओळखायचा तर पंप कशावर फिरतो ते बघा. मूळचा पंप इंजिनाच्या तोंडाशी, गिअरवर चालणारा. बाजारात सुटे मिळणारे पंप फॅनच्या पट्ट्यावर चालत.

पंप गेल्यावर पाणी फिरत होतं कसं? मॉडेल टीमधली ही माझी सर्वांत लाडकी गोष्ट. गच्चीवरचा साधा सोलर हीटर आठवा: टाकी वर, पॅनेल खाली, मोटर कुठेच नाही. इथेही तोच थर्मोसायफन. सिलिंडरभोवती तापलेलं पाणी हलकं होऊन हेडवरच्या (सिलिंडरांच्या वरच्या झाकणावरच्या) जाड होजमधून रेडिएटरच्या माथ्यावर जातं, तिथे गार होत खाली उतरतं आणि ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य धडाच्या, बाजूने पुन्हा आत शिरतं.

या ढकलण्यात जोर किती असेल? एक घनमीटर पाणी 90 अंश सेल्सिअसला सुमारे 965 किलो भरतं, 60 अंशाला 983 किलो. फरक दोन टक्क्यांच्याही आत. गरम आणि गार पाण्याचे स्तंभ 30 सेंटिमीटर उंच धरले, तर त्यांच्या दाबातला फरक भरतो जेमतेम साडेपाच मिलिमीटर पाण्याइतका! एवढ्यावर 20 हॉर्सपॉवरचं इंजिन गार ठेवायचं, म्हणजे वाटेत अडथळा परवडतच नाही. म्हणून होज रुंद आणि वळणं कमी. दाब घनतेच्या फरकावर अवलंबून असल्यामुळे इंजिन जास्त तापलं की प्रवाहही आपोआप वाढतो. पंपाचं तसं नाही, तो इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला. चढावर इंजिन हळू फिरतं आणि तापतं जास्त, नेमका तेव्हाच पंप मंदावतो. उलट, थंड इंजिनात थर्मोसायफन जवळजवळ गप्प बसतो, त्यामुळे थर्मोस्टॅटशिवायही (थंड इंजिनात पाणी अडवून धरणाऱ्या झडपेशिवायही) इंजिन लवकर गरम होतं.

याची दुखरी नस म्हणजे पाण्याची पातळी. ती वरच्या होजच्या तोंडाखाली गेली की फेरा तुटतो. मग रेडिएटर अर्धा भरलेला असला तरी इंजिन उकळतं. पुढे 40 हॉर्सपॉवरचं मॉडेल ए आलं, त्यात फोर्डने पंप पुन्हा घेतला, फॅनच्याच दांड्यावर.

आता इंजिनाचं वय ओळखायच्या बाकीच्या खुणा. 1911 पर्यंत ब्लॉकच्या उजव्या कुशीतले व्हॉल्व्ह उघडे दिसत, त्यानंतर त्यांच्यावर झाकणं आली. 1917 च्या मॉडेलपासून सिलिंडर हेड उंच झालं, ज्वलनकक्षाच्या डोक्यावर पाण्याला जास्त जागा मिळाली. जुनं आणि नवं हेड शेजारी ठेवलं तर मेकॅनिक नसलेल्यालाही फरक कळतो. फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, 16 चुंबक असत आणि वर्षांगणिक ते जाड होत गेले. हे चुंबक स्थिर गुंडाळ्यांसमोरून फिरतात म्हणून ठिणगीसाठी वीज तयार होते. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून मायलेज वाढवून देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. त्यांचा चुंबक जागचा हलत नाही आणि पेट्रोल त्याला दाद देत नाही. हलतात ते फक्त गिऱ्हाइकाचे पैसे.

मात्र हेड बघून गाडीचं साल सांगणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नका. 1917 नंतरचं हेड 1910 च्या ब्लॉकवरही बसतं, आणि दुरुस्तीत अशी अदलाबदल सर्रास व्हायची. त्यापेक्षा डाव्या बाजूला, ब्लॉकमध्ये पाणी शिरतं त्या तोंडाच्या वर ठोकलेला नंबर वाचा. तोही इंजिनाचं वय सांगतो, गाडीचं नव्हे. इंजिनंही बदलली जात.