मॉनिटरमध्ये ‘धा’चा ‘ता’ का होतो?

साताऱ्याला राहणारी माझी भाची पुण्यातल्या गुरुजींकडे ऑनलाइन तबला शिकते. लॅपटॉपची स्क्रीन लहान पडते म्हणून दिवाळीत आम्ही तिच्यासाठी स्पीकर आतच बसवलेला, स्वस्तातला मॉनिटर घेतला. चित्र झकास होतं. गुरुजींचं बोट चाटीवर (तबल्याच्या काठावरच्या पट्टीवर) पडलं की लवेवर (तिच्या आतल्या मोकळ्या कातड्यावर), हे आता नीट दिसायला लागलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र तिचा फोन आला, “मावशी, गुरुजी ‘धा’ वाजवतात आणि मला ‘ता’ ऐकू येतो. सगळा तीनताल खालीचाच वाटतो गं.”

तिला आवाज लहान येत होता, असं नव्हे. तिला वेगळाच बोल ऐकू येत होता, आणि या तक्रारीत स्वस्त मॉनिटरच्या आवाजाचं जवळजवळ सगळं विज्ञान आहे.

तबला ऐकणाऱ्यांना माहीत असतं की ‘धा’ हा जोडबोल आहे. उजव्या हाताने तबल्यावर ‘ता’ आणि त्याच क्षणी डाव्या हाताने डग्ग्यावर ‘गे’ वाजवला की ‘धा’ होतो. ‘धिं’ म्हणजे असाच ‘तिं’ आणि ‘गे’. सोळा मात्रांच्या तीनतालात नवव्या मात्रेला खाली, म्हणजे तालाचा बिनजोराचा भाग, येते, तेव्हा वादक डग्ग्याचा घुमारा काढून घेतो आणि ‘धिं धिं धा’च्या जागी ‘तिं तिं ता’ येतं. भरी आणि खाली यांतला फरक डग्ग्याच्या त्या घुमाऱ्यावर उभा आहे. म्हणून एखाद्या यंत्राने खालचे सूर गाळून टाकले, तर ते सोळाही मात्रा खालीच्या करून टाकतं. मॉनिटर नेमकं तेच करत होता.

खालचे सूर गाळले का जातात, हे समजायला स्पीकर काय करतो ते पाहू. तारेच्या गुंडाळीतून वीज जाते, गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात मागे-पुढे होते आणि तिला जोडलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा हवेला ढकलतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली या रचनेला जे रूप दिलं, तेच थोड्याफार फरकाने आजही घराघरांत आहे. शंभर वर्षांत चुंबक लहान आणि ताकदवान झाले, पडदे हलके झाले. हवा ढकलण्याचं गणित मात्र बदललं नाही, कारण ते निसर्गाचं आहे.

ते गणित असं. कंप्रता म्हणजे सेकंदाला किती कंपनं, ती हर्ट्झमध्ये मोजतात. आवाज तेवढाच मोठा ठेवून सूर निम्म्या कंप्रतेवर आणला, म्हणजे एक सप्तक खाली उतरलं, की पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. दहापट खाली उतरलं तर शंभरपट. मॉनिटरमधला स्पीकर साधारण दोन बोटांएवढा लांबट असतो. त्याच्या पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर धरून मी कागदावर हिशोब मांडला. साठ सेंटिमीटरवर बसलेल्या माणसाला १००० हर्ट्झचा सूर ७५ डेसिबलने ऐकवायचा असेल, तर पडदा मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा हलला तरी पुरतं. तोच आवाज १०० हर्ट्झला हवा असेल, तर त्याला दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर झेप घ्यावी लागेल. एवढी झेप या पडद्याच्या कुवतीबाहेरची आहे. आणि डग्ग्याच्या खुल्या ‘गे’चा मुख्य जोर याच भागात, शंभर हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली असतो.

दुसरी अडचण जागेची. पडदा पुढची हवा दाबतो तेव्हा मागची हवा विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या तर खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून स्पीकरला मागून बंद पेटी लागते. मॉनिटर पातळ असावा अशी आपलीच मागणी असते, त्यामुळे ही पेटी अगदी इवलीशी उरते. एवढ्याशा बंद जागेतली हवा ताठ स्प्रिंगसारखी वागते आणि पडद्याला मागे सरकू देत नाही. सूर जितका खालचा, तितका हा अडथळा जास्त जाणवतो. डग्ग्याचं भांडं एवढं मोठं आणि पोकळ का असतं, याचं उत्तरही याच्या जवळपासचंच आहे.

मग उजव्या हाताचा ‘ता’ सुखरूप कसा पोचतो? काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) तबल्याचा सूर २७७ हर्ट्झच्या जवळ असतो, म्हणजे तो आधीच वरच्या मजल्यावर आहे. शिवाय त्याला शाईची, म्हणजे मधल्या काळ्या गोल थराची, मदत असते. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. शाईच्या वजनामुळे तबल्याचे वरचे स्वर मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा ओळीत येतात. सर सी. व्ही. रामन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९२० साली ‘नेचर’मध्ये ही गोष्ट मांडली. असे ओळीतले स्वर कानावर पडले की मेंदू त्यांच्यावरून मूळ सूर स्वतः ताडतो, प्रत्यक्षात तो क्षीण असला तरी.

याच कारणाने मॉनिटरवर बातम्या ऐकताना आपलं फारसं अडत नाही. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो आणि हे स्पीकर तो धडपणे देतच नाहीत. जुन्या लँडलाइनवर तर ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३४०० च्या वरचं सगळं कापलेलं असे, तरीही आजोबांचा आवाज आजोबांचाच वाटायचा. गाळलेला पाया मेंदू भरून काढतो. डग्ग्याच्या बाबतीत वरून आधार द्यायला पुरेसं उरत नाही, म्हणून तो हरवतो.

खोक्यावर ‘२ वॉट × २’ असं छापलेलं असतं आणि शेजारच्या मॉनिटरवर ‘५ वॉट × २’. दुकानदार दुसऱ्याचा आवाज अडीचपट म्हणून सांगेल. आपला कान असा मोजत नाही. वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकाच. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. मी हजार-दीड हजार रुपये केवळ या आकड्यासाठी कधीही वाढवून देणार नाही.

त्यापेक्षा स्पीकरचं तोंड कुठे आहे ते पाहावं. बहुतेक स्वस्त मॉनिटरमध्ये ते मागे किंवा खाली असतं, कारण समोर कडा इतकी बारीक असते की तिथे जागाच नाही. खालच्या सुरांच्या लाटा लांब असतात. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटरची, ती मॉनिटरला सहज वळसा घालते. १०,००० हर्ट्झची लाट साडेतीन सेंटिमीटरची. ती सरळ रेषेत जाते, वाटेत स्क्रीन आली की अडते. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘फ’ या व्यंजनांची ओळख अशाच वरच्या कंप्रतांत असते. मग ‘सात’ आणि ‘हात’ यांत गोंधळ व्हायला लागतो, आपण आवाज वाढवतो, आवाज मोठा होतो पण शब्द स्पष्ट होत नाहीत. घरातल्या वयस्कर माणसांना हा त्रास जास्त होतो, कारण वयाबरोबर वरचेच सूर आधी ऐकू येईनासे होतात.

यावर बिनखर्चाचा उपाय आहे. मागे तोंड असलेला मॉनिटर भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावा. मागे पडदा, सोफा किंवा कपड्यांचा रॅक नको, कडक भिंत हवी, म्हणजे वरचे सूर आपटून परत येतात. भिंत जवळ असल्यामुळे खालच्या सुरांनाही थोडा टेकू मिळतो, कारण सगळीकडे पसरणारी ऊर्जा आता अर्ध्याच जागेत पसरते. खाली तोंड असेल तर टेबलावरचा जाड कापड काढावा. आणि शक्य तेवढं जवळ बसावं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल पडतो, म्हणजे हातभर जवळ सरकल्याने जे साधतं ते वॉट वाढवून साधत नाही.

‘बेस बूस्ट’च्या, म्हणजे खालचे सूर वाढवणाऱ्या सोयीच्या, नादी मात्र लागू नये. ज्या पडद्याला झेप जमत नाही त्याला आणखी मोठी झेप घ्यायला सांगितल्यावर तो फरफरतो, मागचं प्लॅस्टिक झिणझिणतं आणि चांगले येणारे सूरही बिघडतात. उलट इक्वलायझरमध्ये (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करण्याच्या सोयीत) खालची बाजू थोडी उतरवली तर भाषण, शिकवणी, बातम्या अधिक स्वच्छ ऐकू येतात. माझ्या भाचीने हे करून पाहिलं आणि शाळेच्या तासांसाठी ती मांडणी कायम ठेवली.

आवाज मॉनिटरपर्यंत पोचतो कसा, हेही सुंदर आहे. २००२ च्या डिसेंबरमध्ये एचडीएमआयची पहिली आवृत्ती आली आणि चित्र-आवाज एकाच तारेतून जाऊ लागले. त्या तारेत आवाजासाठी वेगळा धागा नाही. जुन्या नळीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत एक ओळ रंगवून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत यायचा, आणि त्या परतीच्या क्षणी पडदा कोरा ठेवावा लागायचा. नळी गेली, पण ती कोरी फट राहिली. फुल एचडी चित्रात १९२० × १०८० ठिपके दिसतात. तारेतून जाते ती चौकट मात्र २२०० × ११२५ ची असते. या न दिसणाऱ्या जागेत आवाजाचे तुकडे ठेवून पाठवतात. झोताला परतायला दिलेल्या सवडीत आज तबला वाजतो आहे.

निळ्या टोकाच्या जुन्या व्हीजीए तारेतून फक्त चित्र जातं. जुना संगणक असेल तर साडेतीन मिलिमीटरची वेगळी ऑडिओ केबल लागते, आणि मॉनिटरला ती घेणारं ‘ऑडिओ इन’ आहे ना, ते आधी पाहावं लागतं. एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि चित्र देणारा यूएसबी-सी यांतून आवाज जातो, फक्त संगणकाच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटरचं नाव निवडावं लागतं. नवा मॉनिटर ‘मुका’ म्हणून परत करायला निघालेल्या अनेकांचा प्रश्न एवढाच असतो.

एक चूक आम्हीही भोगली. पहिल्यांदा मागवलेल्या मॉनिटरच्या माहितीत ‘ऑडिओ: आहे’ असं लिहिलं होतं. खोकं उघडल्यावर कळलं की फक्त हेडफोनचं भोक आहे, स्पीकर नाहीत. परत करण्यात दहा दिवस गेले. ‘बिल्ट-इन स्पीकर’ हे शब्द आणि त्यापुढे वॉटचा आकडा दिसला तरच स्पीकर आहेत असं समजावं.

चित्राबद्दल थोडक्यात सांगते, कारण या किमतीत चित्र आता खरोखर चांगलं मिळतं. पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, आयपीएस प्रकारचं घ्यावं. बाजूने पाहिलं तरी त्यातले रंग फारसे बदलत नाहीत, आणि एका स्क्रीनसमोर दोघं-तिघं बसणाऱ्या घरात हे महत्त्वाचं असतं. अंधारात सिनेमे पाहणाऱ्याला व्हीए प्रकारचं आवडेल, त्यातला काळा अधिक काळा असतो. कॉन्ट्रास्ट म्हणजे पांढऱ्याचा उजेड काळ्याच्या किती पट, ते प्रमाण; खोक्यावरचा कोटीच्या घरातला ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ वाचून सोडून द्यावा. साध्या आयपीएसचं खरं प्रमाण १००० ला १ च्या आसपास असतं.

मराठी वाचणाऱ्यांनी आकाराचा विचार जरा वेगळा करावा, असं मला मनापासून वाटतं. फुल एचडीचे तेच वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके साडेएकवीस इंचांत बसवले तर प्रत्येक ठिपका पाव मिलिमीटरचा होतो, सत्तावीस इंचांत ०.३१ मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला साठ सेंटिमीटरवरून ०.१७ मिलिमीटरचा तपशील ओळखता येतो, म्हणजे दोन्हीकडे कडा थोड्या खडबडीत दिसणारच. रोमन अक्षराला ते चालून जातं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये ‘ष्ट्र’ किंवा ‘द्ध्य’ कोंबलेला. बारीक टायपात ‘र्कें’चा रफार, मात्रा आणि टिंब तीन-चार ठिपक्यांत भांडतात. म्हणून फुल एचडी घ्यायचा तर बावीस ते चोवीस इंचांवर थांबावं. सत्तावीस हवाच असेल तर २५६० × १४४० चा घ्यावा. दुकानात खेळाचा भडक व्हिडिओ पाहण्यापेक्षा एखाद्या मराठी दैनिकाचं पान उघडून बारा पॉइंटात वाचून पाहावं.

भाचीच्या ‘धा’चं काय झालं? आधी तिला मॉनिटरच्या हेडफोनच्या भोकात तारेचा हेडफोन लावायला सांगितलं. हेडफोनचा पडदाही लहान असतो, पण त्याला खोलीभर हवा ढकलायची नसते, कानाजवळची चमचाभर हवा दाबली की झालं. डग्गा बराचसा परत आला, पण मधूनच गिळला जात होता. हा दुसरा चोर मॉनिटरमध्ये नव्हता. व्हिडिओ कॉलची ॲपं पंख्याची घरघर काढायला जी चाळणी लावतात, तिला डग्ग्याचा लांबलेला घुमारा पंख्यासारखाच वाटतो. गुरुजींनी आपल्या बाजूला ‘ओरिजिनल साउंड’ची सोय चालू केली आणि घिस्सासुद्धा (डग्ग्यावर तळहात घासून सूर वर-खाली नेणं) ऐकू यायला लागला. आता तबल्याच्या तासाला हेडफोन आणि बाकी सगळ्याला मॉनिटरचे स्पीकर, अशी तिची वाटणी आहे.

गेल्या महिन्यात तिच्या मैत्रिणीसाठी मॉनिटर पाहायला आम्ही पुण्यात तापकीर गल्लीत गेलो होतो. तिने फोनवरचा तीनतालाचा ठेका एकेका मॉनिटरला जोडायला लावला आणि पाठ करून उभी राहिली. ज्यावर नववी मात्रा डोळे मिटून ओळखता आली, तो घेतला. पाच मॉनिटरपैकी तसा एकच निघाला, आणि त्याची जाडी बाकीच्यांपेक्षा बोटभर जास्त होती.